आमेन व्हायच्या आत

तीर्थस्वरूप एल्यासरदादास धाकट्या ओक्तोचा नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट, फक्त तुझी भावजय दोर्चे माझ्याशी बोलत नाही. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे आंबोनात हॉटेलं वाढली, पगार वाढले, तुझं पोटही वाढलं असं ऐकतो. आनंद आहे. त्या वाढीचंच रडगाणं गायला बसलोय.

वर्षभर सासीची बंदी पाळून खाडीत कुणाला गळसुद्धा टाकू दिला नाही (राखणदार मीच, म्हणजे शिव्याही मीच खाल्ल्या). परवा ती उघडायची होती. तुला आठवतंय, पाद्रीबाबांचं आमेन झालं की आपण वल्ही मारत निघायचो, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही काठाशी मासळी मिळायची. आता बर्फाचा कारखाना झालाय, हॉटेलांची गाडी थेट धक्क्यावर येते आणि घरटी एक इंजिन आहे. (पहिलं तू मला पाठवलंस. गावाने ते पाहिलं. पुढचं काय सांगू!) बाबांनी आदामापासून सुरुवात केली. मी डोळे गच्च मिटून उभा. नोहापर्यंत येतात तोच मागे एक इंजिन खोकलं. मग दुसरं, मग सगळीच. प्रार्थनेत डोळे कसे उघडणार? मिटल्या डोळ्यांनीच ओरडलो, "मागे फिरा मेल्यांनो, आमेन व्हायचंय अजून!"

"तुम्ही म्हणा, आम्ही इथून ऐकतोय!" पाण्यावरून उत्तर आलं.

डोळे उघडले तेव्हा काठावर बाबा, मी आणि कुत्री. न्याहारीपर्यंत खाडी साफ. बोटाएवढी पिल्लंही कोंबड्यांच्या खाद्यात गेली. पैसा आला, नाही कोण म्हणतं? घरोघरी नवे फ्रिज आहेत. आत पाण्याच्या बाटल्या आहेत.

आणि शनिवारी आपल्या मेइस्केचं लग्न! व्याह्याच्या पानात वधूपित्याने आपल्या खाडीतला मासा वाढायचा, तरच पोरीला सासरी मान. "राखणदाराची पोर केली," असं तो माणूस बेटभर सांगत सुटलाय. पापेदाची लापशी शिजेल, पण रस्स्यात काय घालू, माझं डोकं? दोर्चे दोन दिवसांत एकदाच बोलली, "इंजिन वाढा त्यांना."

वहिनींना नमस्कार. लग्नाला लवकर ये.

तुझा,
ओक्तो

ता. क. येताना हॉटेलांना माल देणाऱ्या शीतगृहातून दोन मोठे गोब्रे बर्फात घालून आण. बॅगेत, कपड्यांखाली, गावाला वास लागता कामा नये. आणि आपल्याच खाडीतले आहेत ना, ते नीट विचारून घे. वाढताना खोटं बोलायला नको.

ता. क. पुन्हा. पहिलं खोकलेलं इंजिन आपलंच होतं. लग्नाचा मासा धरायला दोर्चे निघाली होती. माझं ओरडणं ऐकून मागे फिरली, ती तेवढी एकटीच.