तुझ्या नावाचं पागोटं

आई, काल म्युनिसिपालिटीच्या सभागृहात तुझा सत्कार झाला. तू जाऊन एक पिढी उलटली, तुझ्या पटकीच्या सालातली माणसं बहुतेक संपली, आणि आता गावाला तुझी आठवण झाली. तू असतीस तर कपाळाला हात लावून कामाला लागली असतीस. मी तशी नाही. मी भांडले, आणि जिंकून आले. ते कसं, हे तुला सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

आठ दिवसांपूर्वी सत्कार कमिटीचा सेक्रेटरी घरी आला. गावाची सेवा केलेल्या सात जणांना पागोटं आणि मानपत्र द्यायचं ठरलं होतं. पाच हयात, दोन गेलेले, आणि त्या दोघांत तू. मला इतका आनंद झाला की रेशनची साखर मी त्याच्या चहात दोन चमचे घातली. चहा संपल्यावर तो खाकरला. "मोठ्या बाई, पागोटं घ्याले तुमच्या रिसोडच्या चुलतभावाले कळवलं हाये."

"काहून?"

"तुमच्या आईले पोरगा नव्हता न. मंग पुतण्याच आला."

"अन् मी कोण हाओ?"

"तुमी या न बाई. बायकांच्या रांगेत पुढची खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी."

याच्या दोन्ही बहिणी माझ्या शाळेत शिकल्या. घरातली अक्कल तिथंच संपली असावी. मी त्याला दार दाखवलं. साखर मात्र परत घेता आली नाही.

हा पुतण्या कोणाचा मुलगा, ते तुला सांगायला नको. पण मला पुन्हा एकदा लिहायचं आहे. त्या साली मी नागपूरच्या कॉन्व्हेंटातून सुटीवर आले आहे. पायांत मोजे, बोलण्यात तिथल्या मदरांचा ताठा. गावात पटकी आहे, रोज दोन-तीन तिरड्या निघतात. तू चुलीपुढे बसून पाणी उकळते आहेस. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विहिरींत टाकायच्या लाल औषधाच्या पुड्या तुझ्याकडे दिल्या आहेत, कारण त्यांचा कंपाउंडर विहिरीवर गेला की लोक दगड उचलतात. "पण तूच कशाला?" मी विचारते. तू वळूनही पाहत नाहीस. "पाणी सारेच पेतात. शाळंत जाऊन हात मऊ झाले काय तुहे? उचल ते बादली." ते बोलणं मला झोंबतं, कारण खरंच मला बादली उचलायची लाज वाटत असते.

विहिरीवर काका उभा आहे, बाबांचा सख्खा भाऊ, आणि त्याच्यामागे दहा-बारा जण. "रांडमुंड बाई इख टाकून राह्यली इहिरीत!" तो ओरडतो. तू त्याच्याशी बोलत नाहीस. औषध कालवतेस, ओततेस, पोहरा सोडून पाणी ढवळतेस. मग वर आलेलं गुलाबी पाणी तांब्यात घेऊन सगळ्यांदेखत पितेस आणि तिथंच काठावर मांडी घालून बसतेस. "आता बसा तुमीबी. मी मेले तं इख, नाही मेले तं दवा." दुपार टळेपर्यंत तू तशीच बसलीस. एवढी माणसं एका बाईच्या मरणाची वाट पाहत उन्हात उभी होती आणि ती बाई मधूनमधून त्यांनाच विचारत होती, "झालं काय? जाऊ काय घरी? भाकरी टाकाच्या हायेत मले." शेवटी एक म्हातारी वैतागली. "मरत नाही वं हे. आन तो तांब्या इकडं, घसा सुकला माहा." मग एकेक जण प्याला. दुसऱ्या दिवशी तू वेशीबाहेरच्या वस्तीतल्या विहिरीवर गेलीस. तिथं तर कंपाउंडरसुद्धा फिरकला नव्हता. काकानं पटकीला भिऊन बायकापोरं गाडीत घातली आणि रिसोड गाठलं. त्या गाडीत जो बसला होता, त्याच्या डोक्यावर तुझं पागोटं?

काल सभागृह भरलं होतं. चुलतभाऊ नवा कोट घालून पुढच्या खुर्चीवर बसला होता. तुझं नाव पुकारलं आणि तो उठायच्या आत मी बायकांच्या बाजूनं निघून मंचावर पोचले. अध्यक्ष गडबडले. "बाई, बाईमाणसाले पागोटं बांधत नाहीत. तुमाले खण-नारळ देतो न, मानानं."

"सत्कार माझा नाही, आईचा आहे," मी म्हटलं. "ती चोवीस वर्षांची असताना विधवा झाली. तिची ओटी तुम्ही भरली असती?"

 मी शाळेत चाळीस मुलींना गप्प केलं आहे, पण अशी शांतता मला कधी साधली नव्हती.

"खण-नारळ तिला चालत नाही. मग उरलं काय? पागोटं. ते बांधा."

भाऊ खालून म्हणाला, "अवो ताई, लोकं हासतीन."

"तुझ्या बापावर हसले नाहीत, माझ्यावर काय हसतील?" मी म्हटलं. तो खाली बसला. तेवढ्यात दाराशी जमिनीवर बसलेली एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली. "बांधा ना जी! त्या माउलीनं आमच्या वस्तीच्या इहिरीत दवा टाकली, म्हून मी जिती हाओ. तवा कोनता कोटवाला आल्ता तिथं?" सगळं सभागृह हसलं, अध्यक्षसुद्धा. पागोटं बांधणाऱ्या म्हाताऱ्यानं कोणाला विचारलंच नाही. कापड सोडून माझ्यापुढे आला. "मान ताठ ठेवा, माय," एवढंच म्हणाला. मान ताठ ठेवायला मला मदरांनी सहा वर्षं शिकवलं होतं. तेव्हा वाटायचं, कशाला? त्यानं फेरे घातले आणि टाळ्यांत पहिली टाळी बायकांच्या बाजूनं पडली. मानपत्र मीच वाचलं. त्यात तुला 'कुलीन गृहिणी' म्हटलं होतं. ते शब्द मी गाळले आणि त्या जागी 'या गावच्या पुढारी' असं वाचलं. सेक्रेटरी कागदाकडे पाहत राहिला. आज सकाळी कचेरीत जाऊन ते शाईनं दुरुस्त करून घेतलं.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही आणि मी टाकणारही नाही. एक गोष्ट मात्र दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला मी म्हणत होते, हे माझं नाही, आईचं आहे. घरात आले, आतून कडी लावली आणि आरशापुढे उभी राहिले. एवढी वर्षं शाळा चालवली, निवृत्त झाले तेव्हा मला कोणी साधं फूलही दिलं नव्हतं. आई, मी बराच वेळ पाहत होते. पागोटं मला फार शोभत होतं.