सजावटीचं चित्र

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. माझं ठीक चाललंय. लिफ्ट आठवडाभर बंद आहे, पाच जिने चढून माझे गुडघे तुझ्यापेक्षा म्हातारे झालेत.

हे पत्र तुझ्या त्या मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवरच ऐक, वहिनीला वाचायला लावू नकोस. ती मध्येच थांबून तुझ्या तोंडाकडे बघत बसेल. ते यंत्र कुणाची कीव करत नाही, तेच बरं.

परवा तिचा फोन आला होता. अंधांना स्क्रीन रीडर शिकवायचा तुझा क्लास तू बंद केलास म्हणाली. सहाही जणांना दुसरा शिक्षक शोधायला सांगितलंस म्हणे. मी म्हटलं, दमला असेल. "दमलेला माणूस झोपतो गं," ती म्हणाली, "हे घास हातात धरून नुसते बसून राहतात."

आधी ऑफिसची बातमी सांगते. आमच्या साइटला बक्षीस मिळालं. घरातल्या वस्तूंमागचं विज्ञान ग्राहकांना सोपं करून सांगणारी, आणि अंध वाचकांनाही सहज वापरता येणारी साइट म्हणून. काचेची पाटी माझ्याच टेबलावर आहे. साइट सगळ्यांना वाचता यावी, हे काम माझंच होतं ना. तू चार लोकांत मिरवायचास. तुझ्या क्लासातल्या पियानो जुळवणाऱ्या काकांना तूच म्हणाला होतास, "माझ्या धाकट्या बहिणीची साइट आहे, डोळे झाकून विश्वास ठेवा." आणि तुम्ही दोघं पोट धरून हसला होतात.

दादा, ते काम कसं झालं ते कधी सांगितलं नाही तुला. प्रत्येक चित्राचं वर्णन लिहायचं होतं, म्हणजे ते तुमच्या यंत्राला बोलता येईल. चित्रं हजारावर, हातात दोन आठवडे. तपासणीचं सॉफ्टवेअर वर्णन नसलेल्या चित्रासमोर लाल खूण करतं. पण चित्र नुसतं सजावटीचं आहे असं नोंदवलं, की खूण हिरवी होते आणि तुमचं यंत्र ते चित्र गुपचूप ओलांडून जातं. शेवटच्या दिवशी चारशे बारा चित्रं उरली होती. मी ती सगळी एकदम निवडली आणि 'सजावटीचं' म्हणून टाकली. उघडून पाहिलीही नाहीत. शंभरपैकी शंभर गुण मिळाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाथरूमच्या हट्टी डागांवरचा लेख त्यात होता. त्यात दोन उपाय दिले होते, ब्लीच आणि अ‍ॅसिडचा क्लीनर. मग वाक्य होतं, "वापरण्याआधी खालची सूचना पाहा." खाली लाल चौकट होती: ही दोन्ही कधीही एकत्र वापरू नका, विषारी वायू तयार होतो. ती चौकट म्हणजे चित्र होतं.

काकांनी गेल्या महिन्यात एका मंगळवारी मेल केली होती. "खालची सूचना पाहा म्हणता, पण खाली काहीच नाही. काय आहे ते कळवाल का?" गुरुवारी पुन्हा. दोन्ही मी वाचल्या. सोमवारी निवांत बघू म्हटलं. सोमवारी उत्तर लिहिलं, माफी मागितली, सूचनाही लिहिली. दहा मिनिटांत त्यांच्या मुलीची ओळ आली. "बाबा शनिवारी बाथरूम साफ करताना गेले. दार लावलेलं होतं."

मी तशीच संपादकांकडे गेले. त्यांनी खुर्चीतून मान वर केली नाही. "चित्राखाली सूचना आता लिहून टाक," म्हणाले. "लेखाची तारीख तीच राहू दे."

मी लिहिली, दादा. तारीख तीच राहू दिली.

म्हणून ती मुलगी कॉम्प्युटर घेऊन तुझ्याकडे आली, तेव्हा तुझ्या यंत्राने सूचना खणखणीत वाचली. तू मला फोन केलास. "ही पहिल्यापासून होती ना?" मी म्हटलं, "होती." तू म्हणालास, "म्हणजे मीच. मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारायला मीच शिकवलं त्यांना. मधलं राहून गेलं असणार." मला तेव्हाच ओरडून सांगता आलं असतं. मी म्हटलं, "जाऊ दे दादा, मनाला लावून घेऊ नकोस."

ती सूचना तेव्हा नव्हतीच. काका शब्द न् शब्द ऐकत गेले होते. एकदा नाही, दोनदा विचारलं त्यांनी. तू नीट शिकवलं होतंस.

आज सकाळी पानाची जुनी प्रत मी त्यांच्या मुलीला पाठवली. त्यासोबत काय केलं, कुणी सांगितलं, सगळं लिहिलं, आणि संपादकांनाही तेच पाठवलं. अजून तिचं उत्तर नाही. संपादकांचे सात फोन येऊन गेले. आठव्यांदा त्यांचा निरोप आला, तुमचं लॉगिन बंद केलंय, बोलायला वकिलांसोबत या.

पण मला भीती त्याची नाही. गेल्या आठवड्यात मी ती चारशे बारा चित्रं एकेक उघडायला घेतली होती. नव्वद झाली. त्यांत नऊ सूचना निघाल्या. गॅसच्या हीटरची एक, लहान मुलांच्या औषधाच्या मापाची एक. त्या नऊ मी लिहून काढल्या. उरलेल्या तीनशे बावीस चित्रांत काय आहे, मला ठाऊक नाही आणि लॉगिनशिवाय आता मला त्यांची यादी उघडताही येत नाही, काही दुरुस्तही करता येत नाही. साइट मात्र चालू आहे. त्यावर ते बक्षीस झळकतंय. आत्ता, तू हे ऐकत असताना, कुणीतरी आपल्या स्वयंपाकघरात कान देऊन एखादं पान ऐकत असेल, आणि यंत्र मधलं गाळून पुढे जात असेल.

म्हणून मागते ते एवढंच. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण क्लास उघड. आजच उघड. त्या सहाही जणांना फोन कर, त्यांच्या ओळखीच्यांनाही कळवायला सांग. त्यांना सांग, माझ्या बहिणीवर विश्वास ठेवू नका.

तुला "होती" म्हणालेली,
तुझी धाकटी