सात वाजेपर्यंत खिडकी

३ डिसेंबर
फॉर्म मंजूर! आपल्या महिला पतसंस्थेत संचालकपदाले मी उभी! पाय जमिनीवर टेकूनच नाही राह्यले. चिन्ह कपबशी. एक जागा, दोघी जणी. अन् समोर कोण? नलूताई, चिन्ह छत्री. शाळेच्या रिटायर बाई, ज्याइनं मले सही शिकवली त्याच. आता काय करू बाप्पा!

५ डिसें.
कापसाच्या वेचणीवरच प्रचार. बायाइले एकच सांगतलं, बाजाराच्या दिवशी संस्थेची खिडकी सात वाजेपर्यंत उघडी ठेवाची. आता तीनलेच बंद होते, आपण वावरातून येतो सहाले. मंग मजुरी खात्यात न पडता जाते घरी. घरून कुठी जाते, ते का सांगा लागते? वहिदा माह्या तासातली, एकाच ओळीत वेचतो आमी, तिनं तं घोषणाच देल्ली. न.ताईचं म्हणणं, कॅशियर बाईले संध्याकाळी एसटी भेटत नाही. तेही खरंच.

८ डिसें.
न.ताई रस्त्यात. पाया पडली. "माह्यासंग लढून राह्यली नं? मंग लढ नं नीट!" हातावर अर्धा पेरू ठेवला अन् गेल्या.

१२ डिसें.
मतदान. पडद्यामागं शिक्का हातात घेतला अन् लाजच वाटली. ज्याइनं नाव लिहाले शिकवलं, त्याइच्याच विरुद्ध आपल्या नावावर ठप्पा? नाही जमलं. न.ताईच्या छत्रीवर मारला. वहिदाले सांगतलं तं तिनं कपाळच बडवलं. "या अल्ला, पगली! मी आजची मजुरी बुडवून आली तुह्यासाठी!"

१३ डिसें.
मोजणी. सारखी मतं! पुन्हा मोजली, पुन्हा सारखी!! स्वतःले मत देल्लं असतं तं आज गुलाल माह्याच कपाळावर होता. रडूच फुटलं. न.ताईनं बाजूले नेलं.
"कोणाले देल्लं वं?"
"तुमाले."
 मंग डोळ्यात पाणी येईस्तोर हसल्या. "बयताडे, मी तुले देल्लं!"
निवडणुकीचे साहेब म्हणे, उद्या अकरा वाजता चिठ्ठी काढू.

१४ डिसें., अकरा वाजता
संस्थेच्या पायरीवर बसून लिहून राह्यली. साऱ्या बाया वेचणी सोडून आल्या. डब्यात दोन चिठ्ठ्या पडल्या.  न.ताई बाजूलेच, माह्या डावा हात धरून. त्याइचाही हात थंडा.
ताई, राग मानू नका. आज मनातलं मत मी मलेच देल्लं.
साहेब डबा हालवून राह्यले