हजेरीचा अंगठा

ताई,

तुला वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

लॉन्ड्रीत दिवसभर साबणाच्या पाण्यात राहून हातांची सालं निघाली होती, आता बरं आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज कोमट पाण्यानं, बिनवासाच्या साबणानं हात धुतो, न चोळता टिपतो आणि ओलसर असतानाच मलम लावतो. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घालतो. मुकादम म्हणतो, नव्या नवरीचेही एवढे लाड होत नसतील. कंटाळा येतो गं, पण एक दिवस चुकवला की पुन्हा आग आग होते.

तू पाठवलेला गुलाबाचा साबण कपड्यांत ठेवलाय. रागावू नकोस.

हजेरीच्या मशीनला मात्र माझा अंगठा अजून ओळखू येत नाही. तीन-तीनदा दाबतो, मग मुकादम वहीत नाव लिहितो. त्याचं काही नाही.

आईला आता अजिबात दिसत नाही, हात चाचपून माणूस ओळखते, असं तू लिहिलंस. डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? तिला काही सांगू नकोस. मी येईन तेव्हा आधी हाक मारीन, मग हात देईन.

तुझा,
धाकटा