वीस टक्के वादळ आणि वाल्सिनचा गंबो

प्रिय क्लेओनीसताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. दाजींचा गुडघा आता वळतोय ना? आम्ही इकडे खाडीवर ठीक आहोत, निदान सकाळपर्यंत तरी होतो. एरवी नाताळखेरीज फोन न करणारी तू आठवड्यात तीनदा फोन करतेस, तेव्हा टीव्हीवरचा नकाशा तूही बघतेस हे मी ओळखलं. फोनवर मोकळं बोलता येत नाही (शेजारच्या वाल्सिनचे कान माझ्या खिडकीलाच असतात), म्हणून हे पत्र.

गेल्या रविवारी त्या नकाशावर आखातात पिवळी फुली दिसली. सात दिवसांत वादळ तयार होण्याची शक्यता म्हणे वीस टक्के! मला हा आकडाच संशयास्पद वाटतो. वादळ आलं तर "आम्ही सांगितलं होतं", नाही आलं तरी "आम्ही सांगितलं होतं". असा धंदा मला कोणी शिकवला असता तर मी कोळंबी कशाला पकडत बसलो असतो? मी फुलीकडे दुर्लक्ष केलं. पण सोमवारी वाल्सिन गंबोच्या दाट रश्शाचं पातेलं घेऊन दारात उभा. अकरा वर्षांत ज्याने लिंबाची फोड दिली नाही, त्याच्या गंबोत कोळंबी, खेकडे, सॉसेज, सगळं! आपल्याकडे माणूस फ्रीझर कधी रिकामा करतो, तुला ठाऊक आहे. वादळात आधी वीज जाते, मग छप्पर. मी विचारलं, "काय रे, वादळाचा वास आला का?" तर म्हणतो, "खा गुमान. प्रत्येक गोष्टीत काय संशय घेतोस?" झालं, माझी खात्रीच पटली.

त्याच दुपारी बोट खाडीत वर, आतल्या बाजूला नेली आणि सायप्रसच्या झाडांना सहा दोरांनी बांधली. (आधीची बोट वादळानंतर शाळेच्या मैदानात सापडली होती, दोन तुकड्यांत. ही गेली तर मी कायमचा किनाऱ्यावरचा माणूस होईन, आणि त्याची मला खरोखर भीती वाटते.) चार दिवस डास मारत बसलो. फुली दहा टक्क्यांवर आली, मग पुसलीच गेली. त्या चार दिवसांत वाल्सिनने आखातातून बोट भरभरून कोळंबी आणली. फ्रीझर त्याने जागा करायला रिकामा केला होता, ताई! वरून विचारतो, "गंबो आवडला का?"

तुझा,
ओझमे

ता. क. : आज सकाळी नवी फुली आली आहे. लाल, ऐंशी टक्के. टक्क्यांबद्दल वर जे लिहिलंय ते दाजींना वाचून दाखवू नकोस. बोट पुन्हा बांधली. पत्र पोस्टात न टाकता पाद्रीबाबांच्या हाती देतोय, ते आजच तुमच्याकडे निघालेत.

ता. ता. क. : वाल्सिननेही बोट माझ्या शेजारी बांधली, पण म्हातारा बोटीतच बसून राहणार म्हणतो. मागच्या वेळी असे बसलेले दोघे अजून सापडलेले नाहीत. पाया पडलो तरी ऐकेना. शेवटी सांगितलं, ताई अंथरुणाला खिळली आहे आणि एवढ्या लांब एकट्याने गाडी चालवायला माझे डोळे साथ देत नाहीत. शिव्या देत देत पिशवी भरतोय. तेव्हा उद्या गाडीचा आवाज आला की आधी पलंगावर पड. आणि नीट कण्ह, माणूस भारी संशयी आहे.