खळ्यावरच्या पायऱ्या

बोईसर,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. दीपालीताईस,
विपुलचा सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून आईने घर डोक्यावर घेतलं असेल. तिला सांग, फोन मीच भिंतीवर आपटला. शेजारच्या खोलीतला एक कारखान्यातला पोरगा माझ्या फोनमधला सलोनीचा फोटो बघून नको ते बोलला. आधी फोन फुटला, मग त्याचं नाक. नवा घेईपर्यंत पत्रंच लिहीन. तसंही कागदावर मी जरा माणसासारखा बोलतो.

बातमी मोठी आहे. आमच्या पालघरच्या ऑफिसला आपल्या दातिवऱ्याचं काम मिळालंय. तुम्ही बोंबील सुकवता त्या खळ्यावर समुद्राकडे तोंड करून दगडी पायऱ्या, मधे रंगमंच, कडेने बाकं. नकाशा सलोनीचा, ती तिथे आर्किटेक्ट आहे. कॉलेजात सरांनी माझा कागद सगळ्यांसमोर फाडला आणि मी त्यांची कॉलर धरून बाहेर पडलो, तेव्हापासून आर्किटेक्ट हा शब्द ऐकला तरी माझं डोकं फिरायचं. सलोनी बोलायला लागली की फिरत नाही. ती म्हणते, गावात माणसांना एकत्र बसायला जागा नसली की ती घरात बसून एकमेकांची उणीदुणी काढतात; जागा नीट बांधली तर गाव बदलतं. असं म्हणताना ती पेन्सिल केसात खोचते. मी साइटवर देखरेख करणारा माणूस, मी नुसता ऐकत राहतो.

गावाला विचारल्याशिवाय बांधायचं नाही हा तिचा हट्ट. म्हणून काल मी देवळात सभा बोलावली. भांगेचे दिवस, समुद्राला ओढ नाही, डोल जाळी लागत नाहीत, त्यामुळे सगळे घरी. झाडून सगळे आले. विनोदभावोजींनी तर भाषण ठोकलं. बोंबील टांगायच्या वलांडी सुरूच्या बागेमागे हलवायच्या ठरल्या, एकाचाही विरोध नाही. जाताना सलोनी माझ्याकडे बघून हसली, ताई. त्या हसण्यासाठी मी कोणाचंही डोकं फोडीन.

तुझी माया आणि तुझ्या शिव्या, दोन्ही पोचत राहू देत.

तुझा,
विपुल


दातिवरे,
३० नोव्हेंबर

चि. विपुलला ताईचे अनेक आशीर्वाद, आन् एक धपाटा.

पत्र पोचलं. त्या पोराचं नाक जागेवर हाय का ते आधी कळव.

तू याच गावात वाढलास, मग असं कसं केलंस? भांगेत पुरुष घरी असतात तेव्हा आमी बायका कुठं असतो? सुकट घेऊन बोईसरला. तुझी सभा चालली होती तेव्हा मी, आई, माझी सासू येसूबाय, आळीतल्या सगळ्या जणी तिथं बाजारात बसलो होतो, तुझ्या खोलीच्या मागच्याच गल्लीत. खळं आमचं, आन् हात वर केले त्यांनी.

सुरूमागे वारा नाय. तिथं बोंबील सुकत नाय, सडतो. मग वर्षभर खायचं काय, विकायचं काय? आन् तुझी सलोनी म्हणते बसायला जागा नाय. बोंबील वलांडीवर टाकताना आमी खळ्यावरच तर असतो. माझं लग्न तिथं ठरलं. तुझं कॉलेज सुटलं तेव्हा आई तिथं रडली, घरात नाय रडली. आमची भांडणं तिथं लागतात आन् तिथंच मिटतात. आता आमी काय रंगमंचावर भांडायचं?

तुझ्या भावोजींना मी दोन दिवस वाढलं नाय. सासूने त्यांना विचारलं, भाषणाने पोट भरलं ना. पण ती मला एकटीला म्हणाली की खळ्यावर मशीन आलं तर ती आडवी पडेल, आन् तिला उठवायला येईल त्याला कोयत्याने कापेल. येसूबाय उगाच बोलत नाय हे तुला लहानपणापासून ठाऊक हाय.

सलोनीला खरं सांग. रागावली तर रागावू दे. नुसत्या हसण्यावर संसार होत नाय.

जेवत जा, आन् हात खिशात ठेवत जा.

तुझी,
ताई


बोईसर,
८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, फाडलं, आणि परत चिकटवून वाचलं.

सलोनीला सांगायला गेलो होतो. ती कॉम्प्युटरवर त्या पायऱ्यांवर छोटी छोटी माणसं बसवत होती. एका कोपऱ्यात टोपलीवाली बाई उभी केली होती. मला म्हणाली, ही तुझी आई. मी न सांगताच परत आलो.

आता तर वेळही गेली. ऑफिसच्या सरांनी पुढच्या सोमवारी काम लावलंय. मशीन मीच घेऊन येणार, सलोनीही येणार. वलांडी तोवर काढून घ्या. बायकांना तू समजव, तुझं ऐकतात. भावोजींना सांग, आता बायकोच्या धाकाने उलटलात आणि मधे आलात तर मी नातं बघणार नाही. सलोनीच्या अंगाला कोणी बोट लावलं तर ते बोट त्याच्या हाताला राहणार नाही. हे मी शांत डोक्याने लिहितोय.

माझ्यावर रुसलीस तरी मला सोडू नकोस.

विपुल


दातिवरे,
२ जानेवारी २०२५

विपुल,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाय, म्हणून तशीच सुरुवात करते.

शेवटी तू शुद्धीवर नव्हतास, म्हणून काय झालं ते पहिल्यापासून सांगते. मशीनने पहिली वलांडी मोडली तेव्हा तिच्यावर माल होता. ओले बोंबील चाकाखाली गेले. बायका धावल्या. सासूने सलोनीचे केस धरून तिला वाळूत फरफटवलं, ते चूकच. पण तू पहार उचललीस. मी हाक मारली. तू माझ्याकडे बघितलंस, आन् मग मारलीस. सासूचा हात कोपराखाली मोडला, हाड बाहेर आलं. तुझ्या भावोजींनी तुझ्या डोक्यात वल्हं घातलं. तू पडलास तरी मारत होते, मी तुझ्या अंगावर पडले तेव्हा थांबले. वाळूत कोणाचं रक्त कुठलं ते कळत नव्हतं, आन् त्यातूनच मांजरं बोंबील ओढून नेत होती.

सलोनीने पोलिसांना सगळं खरं सांगितलं, केसांचं पण आन् पहारीचं पण. नोकरी सोडलीय तिने. परवा खळ्यावर येऊन सासूच्या समोर खाली बसली. म्हणाली, सभेत बायका दिसल्या नाहीत, मला वाटलं लाजतात. सासूने तिला उठवलं नाय आन् हाकललं पण नाय. सलोनीने तुझ्याविषयी एकदाच विचारलं, जखम भरली का म्हणून. त्यापुढे काही नाय, मनात इमले बांधू नकोस.

आता मुद्द्याचं. तुझे ऑफिसचे सर आले होते. म्हणाले, येसूबाय घसरून पडली असं तिने लिहून दिलं तर विपुल तुरुंगातून सुटेल. पण गुन्हा हाय म्हणून तर तहसीलदाराने काम थांबवलंय. तक्रार गेली की मशीन परत येणार, हे पण त्यांनी तोंडावर सांगितलं. आई म्हणते, पोरगा आधी. सासू म्हणते, भाऊ तुझा, सून तू माझी, तू सांगशील तसा अंगठा देते. तुझे भावोजी तुझं नाव निघालं की उठून जातात. मी कोणाला विचारू? तूच लिही.

लोभ अजून हाय, त्याचाच त्रास हाय.

दीपाली


ठाणे तुरुंग,
११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मला वेगळं ठेवलं होतं. बराकीतल्या एकाने तुझं पत्र हिसकावून मोठ्याने वाचलं आणि सलोनीच्या नावापाशी हसला. त्याचे पुढचे दात आता नाहीत. तेव्हा मी सुधारलो वगैरे समजू नकोस.

तू मारलेली हाक मला ऐकू आली होती. तू आहेस हे कळलं, तरी हात खाली आला. ते हाड मोडल्याचा आवाज अजून जेवताना येतो आणि घास तोंडात तसाच राहतो.

सुटलो तर काय होईल ते मला आजच दिसतंय. सर म्हणतील, चल, मशीन उभं आहे. सलोनी खळ्यावर तुमच्या बाजूला बसलेली असेल. भावोजी समोर असतील. मी पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जाईन, आणि या वेळी तुझ्याही जाईन.

येसूबायला सांग, अंगठा द्यायचा नाही. सर वकील पाठवतील, पोरगा आत सडेल म्हणून आईला घाबरवतील. आईला वाटल्यास खोलीत कोंडून ठेव, पण हे होऊ देऊ नकोस. मोडलेल्या वलांडी उभ्या करा आणि माल टाका, हंगाम जातोय.

सलोनीला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला वाटेल मी चांगला माणूस आहे. मग ती मला भेटायला येईल, आणि मग मला सुटावंसं वाटेल.

तुझा भाऊ,
विपुल