भरतचं वाक्य

१२ जानेवारी
दिवाळीपासून लिहिलं नाही. माझी मलाच माफी. लिहिण्यासारखं जे काही घडायचं ते शेजारच्या भरतकडेच घडत होतं. आदर्श शिक्षक पुरस्कार, मग नवी गाडी. दोघे एकाच शाळेत, तरी.
आज मात्र पहाटे फिरताना आम्ही दोघांनीही पाहिलं. कालव्यावरची सावळारामतात्यांची पाण्याची मोटर बाइकवर टाकून एकजण पळाला. माकडटोपी. फक्त डोळे उघडे. ठाण्यात जबाब दिला. भरतला खुर्ची, मला बाकडं.

१४ जानेवारी
हवालदार घरी आले. तिळगूळ खाल्ला. काचेला तडा गेलेल्या मोबाईलवर फोटो दाखवला. "ह्योच ना, सर? मिशी आठवतीय ना?" म्हटलं, विचार करून सांगतो. भरतला दाखवला का? "दाखवला की. पर तुमची नजर पक्की, राव." भरतला असं म्हणाले नसणार.

१५ जानेवारी
दाढी करताना आठवलं. जाड, खाली वळलेली मिशी होती. खरंच होती का, असं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी जास्तच स्पष्ट दिसली.

२२ जानेवारी
नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड. तळेघरकडचा भागू. मला चकवायला डोकं-मिशी भादरलेली, नुसती खुंटं! पण शर्ट फोटोतलाच. क्षणात बोट ठेवलं. "सर, मी तुमाला कधी बगितलं बी न्हाई," म्हणाला. पण साक्षीदाराने हळवं होऊ नये.
भरतला कुणालाच ओळखता आलं नाही. परतताना चहा मीच पाजला.

२३ जानेवारी
उज्ज्वला म्हणते, भरतभावजींनी नायब तहसीलदारांना सरळ सांगितलं, 'तोंड मला दिसलंच नाही.' साहेब म्हणे खूश झाले. न दिसण्याचंही कौतुक! वर विचारते, "माकडटोपीतून तुम्हाला मिशी कशी दिसली हो?" तिला म्हटलं, निरीक्षण लागतं.

२७ जानेवारी
भागूची बायको साळुबाई दारात आली. आत बोलावलं तरी आली नाही. "सर, दहा तारखेला सासऱ्याचा दहावा व्हता. तवा त्यांनी डोकं, मिशी समदं उतरवलं. बारा तारखेला तुमाला कुनाची मिशी दिसली?"
ती गेल्यावर डोळे मिटून पाहिलं. मिशी अजून दिसते. तिच्या मधोमध हवालदारांच्या मोबाईलचा तडाही दिसतो.

उद्या : पहिल्या गाडीने नायब तहसीलदारांकडे जाऊन भरतचंच वाक्य म्हणणे.